स्टामबोम : सासूबाईंचे खापरपणजोबा सापडत नाहीत, मदत हवी आहे

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी मूळची सांगलीची, गेली चौदा वर्षं नेदरलँड्समध्ये ख्रोनिंगनला आहे. नवरा इथलाच. मुलगी अकरा वर्षांची. शाळेत तिला स्टामबोम करून आणायला सांगितला, म्हणजे वंशवृक्ष. माझ्या माहेरची बाजू अर्ध्या तासात झाली, कारण आमच्या घराण्याचा छापील कुलवृत्तांत आहे. सासूबाईंची बाजू करायला घेतली आणि त्यात मीच इतकी गुंतले की शाळेचा तक्ता देऊन झाला तरी माझा शोध चालूच आहे.

सासूबाईंनी बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यातून कागद काढून दिले. त्यात त्यांच्या आजीचं 'ट्राउबूक्ये' होतं. लग्नाच्या वेळी नगरपालिका जोडप्याला एक छोटी वही देते, तिच्यात पुढे एकेका मुलाचा जन्म लिहून घेतात, ती ही वही. कापडी पुठ्ठा, आत सात मुलांची नावं, त्यांतल्या दोघांपुढे मृत्यूची तारीख. तिथून मागे जात जात मी खापरपणजोबांपर्यंत पोहोचले. त्यांचं लग्न १८५३ साली ड्रेन्ट प्रांतात स्मिल्डे इथे झालं. लग्नाच्या दाखल्यात लिहिलंय : वय २७, धंदा पीट (दलदलीतली जळणाची माती) खणणारा मजूर, जन्म ॲम्स्टरडॅम. आईचं नाव आहे आणि ती नॉर्ख इथे वारल्याचं लिहिलंय. वडिलांचं नावच नाही.

घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत की वडील मोठ्या घरातले दर्यावर्दी होते आणि लग्नाआधीच समुद्रात बुडाले. ॲम्स्टरडॅमच्या १८२५, १८२६ आणि १८२७ च्या जन्मनोंदी मी या आडनावाने चाळल्या, पण एकही जुळत नाही. पूर्ण नावं इथे देत नाही, घरच्यांना विचारलेलं नाही. आडनावाच्या शेवटी 'इंग' आहे एवढं सांगते.

इथे कुणी असा शोध घेतलाय का? पुढे कुठे बघू?

आंबोळी

किती छान विषय! वाचते आहे. मला यातलं काहीच माहीत नाही, म्हणून एक प्राथमिक प्रश्न : पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या मजुराच्या लग्नाचा दाखला घरबसल्या दिसतो?

कृष्णाकाठ

हो, स्कॅनसकट आणि फुकट. 'वी वास वी' नावाचं संकेतस्थळ आहे, अर्थ 'कोण कोण होतं'. तसंच 'ओपन आर्खीवन' आहे. ड्रेन्टपुरतं बघायचं तर 'आले ड्रेन्टन'. नाव टाकलं की नोंद येते, बऱ्याच ठिकाणी खाली मूळ पानाचा फोटो असतो. सासूबाईंनी आयुष्यभर यातलं काही पाहिलं नव्हतं. त्यांच्या पणजोबांची सही पडद्यावर आली तेव्हा त्या खुर्ची पुढे ओढून बसल्या.

जुनी_दप्तरे

कृष्णाकाठताई, मी द हेगला असतो आणि निवृत्तीनंतर जुने दस्त वाचायची सवय लावून घेतली आहे. तुमचं काम अडलेलं नाही, तुम्ही योग्य जागी येऊन पोहोचला आहात. थोडं सविस्तर लिहितो, म्हणजे नव्याने वाचणाऱ्यांनाही उपयोग होईल.

नेपोलियनने १८१० मध्ये हा देश फ्रान्सला जोडला आणि १८११ पासून सगळीकडे सरकारी जन्म-विवाह-मृत्यू नोंदणी सुरू झाली. दक्षिणेकडच्या लिम्बुर्खमध्ये ती १७९६ पासूनच आहे. प्रत्येक नोंदवहीच्या दोन प्रती होत, एक नगरपालिकेत आणि एक न्यायालयात. म्हणून एक जळली तरी दुसरी मिळण्याची आशा असते. जन्माची नोंद १०० वर्षांनी खुली होते, लग्नाची ७५ आणि मृत्यूची ५०. तुमचा सगळा काळ या हद्दीत बसतो.

१८११ च्या आधीचं चर्चच्या वह्यांवर अवलंबून आहे : बाप्तिस्मा, लग्न, दफन. झीलंडवाल्यांचं नशीब खोटं, मिडलबर्खचं दप्तर मे १९४० मध्ये शहराबरोबर जळालं आणि त्या प्रांताच्या बहुतेक चर्चवह्या गेल्या.

आता तुमच्या कामाचं. लग्नाचा दाखला बघून थांबू नका. त्याची जोडपत्रं बघा. लग्नाआधी वधूवरांना कागद जमा करावे लागत : स्वतःच्या जन्माचा उतारा, आईवडील वारले असतील तर त्यांच्या मृत्यूचा उतारा, आणि मुलगा असेल तर सैन्यभरतीचा दाखला. आईवडील दोघंही वारलेले असतील तर आजीआजोबांच्या मृत्यूचे उतारेसुद्धा, कारण लग्नाला घरच्या वडीलधाऱ्यांची संमती लागे आणि ती देणारं कुणी उरलेलं नाही हे दाखवावं लागे. गरिबांना मुद्रांक शुल्क माफ होतं, त्यासाठी 'ऐपत नसल्याचा दाखला' जोडलेला असतो. मी तर सांगेन, श्रीमंतांपेक्षा गरिबांची जोडपत्रं वाचायला जास्त मिळतं.

ही जोडपत्रं नावाने शोधून सहसा सापडत नाहीत. वर्ष, गाव आणि दाखल्याचा क्रमांक घ्या आणि स्कॅनचा गठ्ठा पानोपान उलटा. 'फॅमिलीसर्च' या संकेतस्थळावर ड्रेन्टची आहेत.

आणि 'इंग'बद्दल : आडनावाचा शेवट टाकूच नका, तिथे तारांकन टाका. ॲम्स्टरडॅमच्या कारकुनाने 'इंक' लिहिलं असेल.

शाईदौत

जुनी_दप्तरे यांना अनुमोदन. मी भर घालते. आडनाव गाळून फक्त मुलाचं आणि आईचं पहिलं नाव टाकूनही शोधा. त्या काळात आडनावाचं स्पेलिंग कारकुनाच्या कानावर ठरायचं, कारण सांगणाऱ्याला लिहिता येत नसे. दाखल्याच्या तळाशी बघा, 'लिहायला शिकलो नसल्याने सही करता येत नाही' असं वाक्य असतं. आपल्याकडे 'निशाणी अंगठा' तसंच.

महिन्यांनीही चकायला होतं. जुन्या वह्यांत '७बर', '८बर', '९बर' असं दिसतं. मी सुरुवातीला सातवा महिना म्हणून जुलै धरला आणि एक अख्खं कुटुंब चुकीचं जोडलं. ते सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर आहे : सप्त, अष्ट, नव. लॅटिन आणि संस्कृत बहिणी आहेत हे लक्षात आल्यावर पुन्हा कधी चुकले नाही. शिवाय डचांचे स्वतःचे महिने आहेत : हॉयमांड म्हणजे गवत वाळवायचा जुलै, स्लाख्टमांड म्हणजे जनावरं कापून ठेवायचा नोव्हेंबर.

तुळशीवृंदावन

धागा आवडला. मी पुण्याचा, आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताच्या दुसऱ्या आवृत्तीचं काम करतो. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वह्या, जुन्या इनामाचे कागद, सगळं पाहिलं. पुरुषांची अकरा पिढ्यांची साखळी लागते. पण ताई, तुमच्या धाग्यात मला एक गोष्ट फार लागली. तुमच्या खापरपणजोबांच्या आईचं नाव, आडनावासकट, सरकारी दाखल्यात आहे. आमच्याकडे अकरा पिढ्यांत सात बायकांच्या नावापुढे नुसतं 'रमाबाई, माहेर अज्ञात' लिहावं लागलं. त्यातलं 'रमाबाई'सुद्धा सासरचं, जन्मनाव काय होतं कुणास ठाऊक.

कृष्णाकाठ

तुळशीवृंदावन, हे मी लिहिणारच होते. डच दाखल्यात बाई जन्मापासून मरेपर्यंत माहेरच्या नावानेच असते. लग्न झालं तरी, पाच मुलं झाली तरी, विधवा झाली तरी. मृत्यूच्या नोंदीत 'अमक्याची विधवा' येतं, पण मुख्य नाव तिचं स्वतःचं. त्यामुळे आईची आई, तिची आई, अशी बायकांची साखळीसुद्धा वर नेता येते. माझ्या माहेरच्या कुलवृत्तांतात माझ्या पणजीच्या जागी 'द्वितीय संबंध' एवढंच छापलंय. तिचं नाव माझ्या आजीला माहीत होतं, मी लहानपणी ऐकलेलंही आहे, आज आठवत नाही. विचारायला कुणी उरलेलं नाही. हा शोध मी इतका मनाला लावून घेतलाय त्याचं खरं कारण बहुधा हेच.

जुनी_दप्तरे काका, आज रात्रीच जोडपत्रांच्या मागे लागते.

सागरी

माझा थोडा वेगळा प्रश्न. आम्ही वेंगुर्ल्याचे. गावात डच वखारीचे अवशेष आहेत, लहानपणी तिथे खेळायचो. आमच्या घरात अशी समजूत आहे की एक पूर्वज वलंदेज, म्हणजे डच, होता. घारे डोळे आणि गोरा रंग एवढाच पुरावा. याचा शोध लागू शकतो का?

जुनी_दप्तरे

सागरी, मनापासून विचारलंत म्हणून स्पष्ट सांगतो. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांचा शोध चांगला लागतो. प्रत्येक जहाजाची पगारवही असे. एकेका माणसाला दोन समोरासमोरची पानं : नाव, गाव, हुद्दा, कोणत्या जहाजाने निघाला, कुठे उतरला, शेवट काय झाला. घरी बायकोला किंवा आईला पगारातले काही महिने द्यायचे असतील तर तेही तिथेच. या वह्यांवरून साडेसहा लाखांहून जास्त नोंदींची सूची झाली आहे, ती द हेगच्या राष्ट्रीय दप्तरखान्याच्या संकेतस्थळावर आहे. पण वह्या मुख्यतः १७०० ते १७९४ या काळातल्या उरल्या आहेत. वेंगुर्ल्याची वखार १६३७ ची, म्हणजे तिचा भर त्याआधीच्या शतकात. तिथेच तुमची अडचण आहे.

दुसरं म्हणजे हिंदुस्थानातल्या बायकांपासून झालेल्या मुलांची नोंद चर्चने बाप्तिस्मा दिला असेल तरच मिळते. कोचीनला सेंट फ्रान्सिस चर्चच्या १७५१ ते १८०४ च्या बाप्तिस्मा आणि लग्नाच्या वह्या टिकल्या आहेत. कोलंबोत डच बर्गर युनियन ही तिथल्या डच वंशजांची संस्था १९०८ पासून आहे, तिच्या नियतकालिकात कित्येक घराण्यांच्या वंशावळी छापल्या गेल्या. कोकणातल्या हिंदू घराण्यात अशी नोंद मिळण्याची शक्यता मला दिसत नाही. घारे डोळे कोकणात वलंदेजांच्या आधीपासून आहेत.

सागरी

मनापासून आभार. आईला सांगते. तिला वाईट वाटेल, पण खोटं बाळगण्यापेक्षा बरं.

कृष्णाकाठ

मंडळी, सापडलं!

पहाटे अडीच वाजता. स्मिल्डे, १८५३, जोडपत्रांचा गठ्ठा, दोनशे चौदावं पान. काकांनी म्हटलं तसंच : ॲम्स्टरडॅमच्या जन्मनोंदीचा उतारा आणि आडनावाचा शेवट 'इंक'. तारीख मिळाल्यावर मूळ नोंदही मिळाली. जन्म मार्च १८२६. खबर देणारी सुईण. 'अमुक, वय पंचवीस, धुणंभांडी करणारी, अविवाहित, हिला मुलगा झाला' एवढंच. वडिलांचा रकाना नाही, वडिलांबद्दल एक शब्द नाही.

त्याच गठ्ठ्यात आईच्या मृत्यूचा उतारा आहे. नॉर्ख, १८३७. वय छत्तीस. खबर देणारे दोन पुरुष, दोघंही 'संस्थेचे' नोकर. कोणती संस्था? नॉर्ख तर छोटं खेडं आहे.

आणि त्यांचा सैन्यभरतीचा दाखला! त्यात अख्खं वर्णन आहे. चेहरा लांबट, कपाळ उंच, डोळे करडे, नाक सरळ, केस तपकिरी. उंची '१ एल, ६ पाम, ८ डाउम'. हे किती? एल म्हणजे ६८-६९ सेंटिमीटर असं वाचलं. त्या हिशेबाने हा माणूस एक-सव्वा मीटरचा होतो.

शाईदौत

अभिनंदन ताई! अंगावर काटा आला वाचून.

उंचीचं सांगते. ६८-६९ सेंटिमीटरचा तो कापड मोजायचा जुना ॲम्स्टरडॅमचा एल. १८२० मध्ये देशात मेट्रिक मापं आली, पण नावं जुनीच ठेवली. नवा एल म्हणजे बरोबर एक मीटर, पाम म्हणजे तळहात दहा सेंटिमीटर, डाउम म्हणजे अंगठा एक सेंटिमीटर. तेव्हा तुमचे खापरपणजोबा १६८ सेंटिमीटर, त्या काळच्या मजुरासाठी चांगले उंच.

जुनी_दप्तरे

ताई, बसून वाचा. १८३७, नॉर्ख, संस्थेचे नोकर : ती फेनहाउझन आहे. फेनहाउझन तेव्हा नॉर्ख नगरपालिकेत मोडत होतं.

१८१८ मध्ये जनरल योहान्नस फान डेन बॉस यांनी परोपकार संस्था काढली. नेपोलियनच्या युद्धांनंतर देश कंगाल झाला होता, शहरं भिकाऱ्यांनी आणि अनाथांनी भरली होती. त्यांना ड्रेन्टच्या माळरानावर नेऊन शेती शिकवायची, म्हणजे ते स्वतःच्या पायावर उभे राहतील, अशी कल्पना. फ्रेडरिक्सऑर्डला गरीब कुटुंबं आपखुशीने गेली, त्यांना छोटं घर आणि जमिनीचा तुकडा मिळाला. पण ओमरस्खान्स आणि १८२३ पासून फेनहाउझन इथे सक्ती होती. भीक मागताना धरलेली माणसं आणि शहरांच्या अनाथालयांतली मुलं तिकडे पाठवली गेली. पीटच्या दलदलीत तीन प्रचंड चौकोनी इमारती, मधे अंगण, एकेका दालनात दाटीने टांगलेल्या झोळ्या, आणि दिवसभर सूत कातणं किंवा शेतीकाम. हेच फान डेन बॉस १८३० मध्ये डच ईस्ट इंडीजचे, म्हणजे आजच्या इंडोनेशियाचे, गव्हर्नर जनरल झाले आणि जावाच्या शेतकऱ्यांवर सक्तीच्या पिकांची पद्धत लादली. मला हा दुवा कायम अस्वस्थ करतो.

आसेनच्या ड्रेन्ट दप्तरखान्यात या वसाहतींच्या नोंदी आहेत आणि 'आले कोलोनिस्टन' या संकेतस्थळावर नावाने शोधता येतात. दोन्ही स्पेलिंगं टाका. भिकारी म्हणून आणलेल्यांचं शारीरिक वर्णनही लिहून घेत, पळून गेल्यास ओळखता यावं म्हणून.

आंबोळी

बाप रे. पण ती 'भिकारी' कशी? ती तर कामाला होती.

जुनी_दप्तरे

काम सुटलं, पदरी मूल, खोलीचं भाडं नाही. लग्न न झालेल्या आईला मोलकरीण म्हणून कोण ठेवणार? हात पसरताना धरली गेली की गुन्हा. आणि मुलाच्या बापाकडे मागायची सोयच नव्हती. नेपोलियनच्या कायद्याने लग्नाबाहेरच्या मुलाचा बाप कोर्टातून शोधायला मनाई केली होती. नेदरलँड्समध्ये ती मनाई १९०९ पर्यंत टिकली. दाखल्यात वडिलांचं नाव नाही याचा अर्थ आईला ते माहीत नव्हतं असा बिलकूल नाही. तिला विचारलंच गेलं नाही.

कृष्णाकाठ

चार दिवस लिहिलं नाही, क्षमस्व. आसेनला जाऊन आले, सासूबाई बरोबर होत्या. त्या एकोणऐंशी वर्षांच्या आहेत. वाचनकक्षातल्या बाईंनी वही फोमच्या उशीवर ठेवून उघडून दिली.

ती १८२९ मध्ये तीन वर्षांच्या मुलाला घेऊन आली. उंची १ एल, ५ पाम, २ डाउम. डोळे करडे. धर्म रोमन कॅथलिक. शेवटी 'विशेष खुणा' असा रकाना आहे आणि त्यात एकच शब्द : 'पॉकडालख'. सासूबाईंनी तो बोट न लावता, वरून हवेतच बोट फिरवत वाचला आणि मला समजावायला स्वतःच्या गालावर बोटांनी छोटे छोटे खळगे दाखवले. देवीचे व्रण.

तिचं चित्र असायचा प्रश्नच नव्हता. आमच्यापर्यंत पोहोचलेला तिचा चेहरा एवढाच : करडे डोळे आणि गालावर देवीचे व्रण. आणि तोही तिला पकडायला सोपं जावं म्हणून लिहिलेला.

१८३१ मध्ये तिच्या नावावर नॉर्खला आणखी एक नोंद आहे, 'निर्जीव सादर केलेलं मूल'. वाचनकक्षातल्या बाईंनी सांगितलं की याचा अर्थ मूल मृतच जन्मलं असा नाही. नोंद करायला जाईपर्यंत जे वाचलं नाही ते सगळं याच शब्दांत लिहीत, मग ते एक दिवस जगलेलं असो. नाव देत नसत. आमच्या वृक्षावर त्याच्यासाठी आम्ही बिननावाची चौकट काढली.

मुलगा आईनंतर नऊ वर्षं तिथेच होता. १८४६ मध्ये 'मुक्त'. वय वीस. पुढे स्मिल्डेला पीट खणायला लागला, लग्न केलं, आणि पहिल्या मुलीला आपल्या आईचं नाव दिलं. इथल्या रिवाजाने पहिल्या मुलीला बायकोच्या आईचं नाव द्यायचं असतं. त्याने ते दुसऱ्या मुलीला दिलं. ट्राउबूक्येमध्ये बघितलं तर तेच नाव पुढच्या पिढ्यांतही आहे. सासूबाईंचं मधलं नाव तेच आहे! ते कुणाचं हे त्यांना एकोणऐंशी वर्षं माहीत नव्हतं.

गाडीत बसल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, दर्यावर्दी कुणी नव्हताच की काय. मग बऱ्याच वेळाने म्हणाल्या, माझ्या आजीला हे माहीत असणार.

तुळशीवृंदावन

ताई, काय लिहू. आमच्या आवृत्तीत त्या सात जणींसाठी आता पुन्हा प्रयत्न करणार आहे. माहेरच्या घराण्यांचे कुलवृत्तांत उलट बाजूने तपासायचे ठरवलं आहे, तिकडे 'कन्या अमुक, दिली तमुक यांस' असं कुठेतरी असेल.

मिशिगनवासी

सुंदर धागा. माझी सूनबाई डच वंशाची आहे, हॉलंड नावाच्याच गावची. ते गाव १८४७ मध्ये नेदरलँड्सच्या मुख्य प्रॉटेस्टंट चर्चमधून फुटून निघालेल्या पंथाने वसवलं. जुनी_दप्तरे काका, अमेरिकेकडून उलट मागे जाताना काय बघावं?

जुनी_दप्तरे

आधी अमेरिकेतले कागद संपवा : चर्चची सभासदवही, मृत्युलेख, कबरीवरचा मजकूर. त्यातून मूळ *गावाचं* नाव मिळालं पाहिजे, नुसतं 'हॉलंड' पुरत नाही. गाव मिळालं की त्या काळी देश सोडून जाणाऱ्यांच्या सरकारी याद्या बघा. घरटी माणसं, धर्म, ऐपत आणि जाण्याचं कारणसुद्धा त्यात असतं. १८५० नंतरचं असेल तर लोकसंख्या नोंदवही उत्तम : एका पानावर एक घर, कोण कुठून आलं, कुठे गेलं, गेलेल्याच्या नावावर रेघ. आणि बायकांना माहेरच्या नावाने शोधायला विसरू नका, अमेरिकेत ते पुसलं जातं.

कृष्णाकाठ

काका, आता शेवटचं एक विचारते. वसाहतीच्या वहीत तिचं जन्मस्थान 'बोखोल्ट' लिहिलंय. बेल्जियममधल्या लिम्बुर्खमध्ये बोखोल्ट आहे, तिथल्या १८०० ते १८०२ च्या नोंदी पाहिल्या. आडनावाच्या जवळपासचंही कुणी नाही.

शाईदौत

ताई, बोखोल्ट दोन आहेत! दुसरं जर्मनीत, म्युन्स्टर प्रदेशात, डच सरहद्दीला अगदी लागून. आणि आडनाव 'इंग' किंवा 'इंक', धर्म कॅथलिक. मला तर तेच वाटतंय. ही आडनावं सरहद्दीच्या दोन्ही बाजूंच्या शेतवाड्यांची आहेत. तिकडच्या कित्येक गरीब माणसांनी कामासाठी ॲम्स्टरडॅमची वाट धरली.

जुनी_दप्तरे

शाईदौत यांचं बरोबर आहे. म्युन्स्टर धर्मप्रांताच्या चर्चवह्या 'मॅट्रिकुला' या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. नावाची सूची नाही, पानोपान वाचावं लागेल, मजकूर बराचसा लॅटिनमध्ये. एक सावधगिरी : त्या भागात आडनाव वाडीचं असतं. पुरुष लग्न करून बायकोच्या वाडीवर राहायला गेला तर तो तिच्या वाडीचं आडनाव घेतो, आणि मुलंही तेच लावतात. आपल्याकडचा घरजावई, पण आडनावासकट. तेव्हा तिच्या वडिलांचं आडनाव वर गेल्यावर अचानक बदललं तर घाबरू नका, तिच्या *आईचं* आडनाव तपासा.

कृष्णाकाठ

म्हणजे हे आडनाव कदाचित तिच्या आईकडून आलेलं असेल! हे आत्ता जेवताना सासूबाईंना फोनवर सांगितलं. त्या शनिवारी येतायत, शाळेत लॅटिन होतं म्हणतात, शब्दकोश घेऊन येते म्हणाल्या. आम्ही १८०१ च्या बाप्तिस्म्यांपासून सुरुवात करतोय. बोखोल्टच्या कॅथलिक वह्यांतलं अक्षर कुणी आधी वाचलं असेल तर इथे लिहा, पहिल्या पानावरचा तिसरा शब्दच लागत नाहीये.